गाडी मिशनची नव्हती

माझ्या नवऱ्याला लोक देवमाणूस म्हणत. म्हणणाऱ्याचं काय जातं? देवमाणसाबरोबर संसार करून पाहावा, मग बोलावं. रॉकेलच्या रांगेत तो सकाळी तिसऱ्या नंबरावर उभा राही आणि दुपारी तेराव्या नंबरावर असे. कोणाच्या कडेवर लेकरू, कोणाला ताप, कोणाला नुसतीच घाई. सगळ्यांना पुढे सोडत सोडत रिकामी बाटली घेऊन घरी येई आणि म्हणे, "संपलं, बाई." मग मी चुलीच्या उजेडात वह्या तपासायच्या.

तो मला बाई म्हणे, कारण मिशनच्या शाळेत मी पहिली-दुसरीची बाई होते आणि तो त्याच शाळेचा चपराशी. मी त्याला अरे-तुरे करत असे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं हे मला शिकवायला कोणी नव्हतं, मी बोर्डिंगात वाढलेली पोरकी पोर. म्हणून सरळ लिहिते. त्याचं नाव उकंडा.

आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात. त्याच्या आईची आधीची तीन लेकरं गेली होती. हा झाला तेव्हा तिने त्याला उकंड्यावर नेऊन ठेवलं, शेजारणीने उचललं, आणि आईने पसाभर कोंडा देऊन शेजारणीकडून परत घेतलं. टाकून दिलेल्या लेकरावर मरीचा डोळा पडत नाही म्हणतात. वयाच्या विसाव्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मिशनच्या साहेबाने त्याला एखाद्या प्रेषिताचं नाव सुचवलं होतं. हा म्हणाला, "प्रभूनं मले याच नावानं वयखलं, आता कायले बदलू?"

त्याने पवित्र पुस्तकातली पहिली गोष्ट ऐकली ती मेजवानीची. जेवायला बोलावलं तर वरच्या जागी बसू नकोस, अगदी शेवटी जाऊन बस. इतरांसाठी ती गोष्ट होती, याने तो हुकूम समजला. नाताळच्या प्रीतिभोजनात सगळ्यांना वाढून झाल्यावर हा पातेल्याच्या बुडाशी बसे. त्या गोष्टीत यजमान शेवटी येऊन म्हणतो, मित्रा, वर येऊन बस. आमच्या मंडळीत, म्हणजे देवळाच्या ख्रिस्ती माणसांत, तेवढं म्हणायची कोणाला आठवण झाली नाही, आणि यानेही कधी वाट पाहिली नाही. चिडायची ती मीच.

आम्हाला मूल नव्हतं. पण उकंडाने एक मूल वाढवलं होतं, त्याचा धाकटा भाऊ भीमराज. आईबाप पटकीत गेले तेव्हा भीमराज सहा वर्षांचा होता आणि हा सोळाचा. शेण-काडी करून, कापसाच्या जिनात सरकी वाहून त्याने भावाला सातवीपर्यंत शिकवलं, सुतारकामाला लावलं, त्याचं लग्न करून दिलं. भीमराज ख्रिस्ती झाला नाही. "दादा, तुहा देव चांगला असन," तो म्हणे, "पण तो वाकाले शिकवते. आपले लोक वाकून वाकून कुबडे झाले. मले आता उभं राहाचं हाय." उकंडा हसे. दोघांचं यावर कधी भांडण झालं नाही. भीमराज आमच्या भिंतीला लागूनच राही, आणि रोज संध्याकाळी भावाच्या ओट्यावर येऊन बसल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

छप्पन्नच्या दसऱ्याला नागपूरला धम्मदीक्षा होती. वस्तीतली झाडून सारी माणसं निघाली. पांढरे कपडे घालून यायचं होतं, आणि भीमराजकडे धड पांढरा सदरा नव्हता. उकंडाने आपला मिशनच्या देवळात घालायचा एकुलता एक सदरा काढला, स्वतः धुतला, नीळ दिली, आणि भावाच्या अंगात घातला. बाह्या थोड्या लांब होत होत्या, त्या त्याने दुमडून दिल्या. मग नेरच्या मोटारीपर्यंत तीन कोस त्याच्याबरोबर चालत गेला. पुढचे कितीतरी रविवार हा देवळात खाकी सदऱ्यावर बसला. पाळकसाहेबांनी विचारलं, तर म्हणाला, "सदरा मोठ्या कामाले गेला हाय."

दीक्षा घेऊन आलेल्या माणसांनी पहिलं काम केलं ते हे की गावचं मेलेलं ढोर ओढायचं नाही, कोणाचंही, कशासाठीही. वस्तीतल्या अठरा घरांनी मिळून शपथ घेतली. भीमराज पुढे होता. आम्ही दोघं त्या शपथेत नव्हतो, आम्ही ख्रिस्ती. पण उकंडानेही ते काम कधीच सोडलं होतं, भावाच्या आधी दहा वर्षं. गाव चिडलं, मजुरी बंद केली, वाणी उधार देईना. वस्ती हटली नाही. त्या सहा महिन्यांत मी भीमराजकडे पाहायची तेव्हा मला अभिमान वाटायचा, हे मी ख्रिस्ती बाई असून लिहिते.

पुढचा वैशाख आला. दीक्षेनंतरची पहिली बुद्ध जयंती. यवतमाळला मोठी मिरवणूक होती. आदल्या दिवशीच वस्तीतली माणसं, बायका, पोरं सगळी गेली. वस्तीत बैलगाडी एकच, तीही नेरपर्यंत माणसं सोडायला गेली आणि तिथेच थांबली. मागे राहिलो आम्ही दोघं, दोन-चार थकलेली माणसं, मानीबाई सुईण आणि भीमराजची बायको तुळसाबाई. तुळसाचे दिवस भरायला महिना होता, म्हणून भीमराज निर्धास्त गेला. जाताना वहिनीपेक्षा आईला सांगावं तसं मला सांगून गेला, "वयनी, हिच्याकडे ध्यान ठेवजा."

जयंतीच्याच पहाटे तुळसाला कळा लागल्या. नऊ वाजेपर्यंत मानीबाईच्या चेहऱ्यावर घाम आला. मूल आडवं होतं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "माह्या हातचं नाही हे, बाई. नेरच्या दवाखान्यात नेसान तं दोघंबी वाचतीन. नाहीतं मले दोष देऊ नका."

नेर तीन कोस. वैशाखाचं ऊन. बाजेवर घालून न्यायला खांदे चार लागतात, आणि आम्ही होतो एक पुरुष आणि दोन बायका. गावात गाड्या होत्या, पण पाटलाच्या शब्दाशिवाय एक चाक हललं नसतं. आणि नेमका त्याच पाटलाच्या, पंजाबरावाच्या गोठ्यात आदल्या दुपारपासून बैल मरून पडला होता. वस्ती ओढायला येईना, गावातलं कोणी हात लावेना. उन्हाने तो फुगला होता.

उकंडा पाटलाकडे गेला. काय बोलणं झालं ते मला त्यानेच सांगितलं, तेही एकदाच. पाटील ओसरीत पान लावत बसला होता. उकंडाने हात जोडून गाडी मागितली. पाटील म्हणाला, "तुही भावजय अडली, माहा बैल अडला. दोघायचंबी भागते. तू दोर बांध, मी दमणी जुंपतो."

उकंडा म्हणाला, "मालक, दमणी आधी सोडा. मी पळून नाही जात."

"दोर आधी."

तो गोठ्यात गेला. ओढायला पाटलाची दुसरी जोडी होती, पण मेलेल्या जनावराला हात लावून दोर बांधायचा आणि जोडी धरून गावातून चालायचं, ते याला करायचं होतं. त्याने ते केलं.

पाटलाची दमणी, माणसं न्यायची हलकी बैलगाडी, वस्तीच्या मागच्या शेतवाटेने आली. हाकणारा पाटलाचा सालदार देवसिंग, तांड्यावरचा, अबोल माणूस. आम्ही तुळसाला उचलून घातलं. ती शुद्धीत नव्हती. दमणी शेताच्या धुऱ्याने, बांधाकडेने निघाली तेव्हा मी मागे पाहिलं. गावाच्या मोठ्या गल्लीतून माझा नवरा जोडीचा कासरा धरून येत होता, मागे बैल फरफटत होता. भर दुपारी लोक ओट्यांवर येऊन उभे होते. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. उकंडाची मान खाली होती. मी लगेच तोंड फिरवलं, कारण तो मला पाहत असेल तर त्याला ते सोसलं नसतं.

नेरच्या दवाखान्यात दुपारी चार वाजता मुलगी झाली. दोघी वाचल्या.

उकंडा चालत चालत दिवस मावळायला तिथे पोचला. राखेने, लिंबाच्या पाल्याने घासून घासून त्याचे हात सोलवटून निघाले होते. मी मुलगी त्याच्यापुढे धरली. त्याने हात मागे घेतले. "आज नको, बाई. वास गेला नाही अजून." मग दवाखान्याच्या ओट्यावर बसून तो म्हणाला, "भीमाले सांगू नको."

मी म्हणाले, "वेडा आहेस का? नाही सांगितलं तर तुझ्या तोंडावर थुंकतील."

"थुंकू दे. भीमानं शपथ घेतली हाय, लोकायनं त्याच्या भरवशावर घेतली हाय. ती त्याच्याच लेकरासाठी मोडली हे त्याले समजलं, तं तो पाटलाचा मुडदा पाडन, नाहीतं सोताले काही करून घेईन. अन् काही नाही केलं तरी हे लेकरू पाहीन तवा त्याले तो बैल दिसन. लेकराच्या कपाळावर कायले लिहू हे? माह्यावर येऊ दे. मी तसाबी उकंड्यावरचाच."

"अन् गाडी कोणाची विचारलं तर?"

"खोटं नको बोलू. गप राह्य."

दुसऱ्या दिवशी भीमराज धावत दवाखान्यात आला. मुलीला घेतलं, रडला, हसला, तिचं नाव तिथल्या तिथे सत्यशीला ठेवलं. मग विचारलं, "वयनी, गाडी कोणाची भेटली?" गप्प राहायला मी काही उकंडा नव्हते. मी म्हणाले, "मिशनची." खोटं मी बोलले, तो नुसता गप्प राहिला. पुण्याचा वाटा नेहमी त्याचाच.

मानीबाईला उकंडाने पाया पडून गप्प केलं. देवसिंग त्याच वर्षी राजूरच्या कोळशाच्या खाणीत कामाला निघून गेला. आणि पाटील? अडलेल्या बाईवर सौदा केला हे सांगून त्याला कुठे मिरवायचं होतं? त्याने फक्त अर्धीच गोष्ट गावभर केली, की उकंडा आला आणि आपल्या पायाने बैल ओढून गेला.

भीमराज गावात पोचला तेव्हा ती अर्धी गोष्ट त्याची वाट पाहत होती. तो आमच्या अंगणात आला. मागे अख्खी वस्ती.

"दादा, तू बैल ओढला?"

"ओढला."

"काहून?"

उकंडाने सोलवटलेले हात पाठीमागे घेतले.

"कोणी मारलं तुले? धमकी देली? पैशे देले?" भीमराज त्याला एकेक वाट काढून देत होता. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. "बोल ना गा दादा. काही तं बोल."

"नाही देली धमकी. पैशेबी नाही."

"मंग काहून ओढला? आमी तिकडे जयजयकार करून राह्यलो, अन् माहा भाऊ इकडे..." तो जमलेल्या लोकांसमोर लहान पोरासारखा रडला. मी दारात उभी होते. तीन शब्द बोलले असते तर सगळं थांबलं असतं. उकंडाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी ते तीन शब्द गिळले. आज म्हणाल तर मला त्या दिवशीच्या स्वतःचा राग येतो.

दुसऱ्या सकाळी आमच्या भिंतीवर पांढरा सदरा ठेवलेला होता. धुतलेला, घडी केलेला. बाह्यांची दुमड उसवून सरळ केली होती. उकंडाने तो पेटीच्या तळाशी ठेवला आणि पुन्हा कधी घातला नाही.

वस्तीने आमचं इस्तू-पाणी, म्हणजे विस्तव अन् पाणी, बंद केलं. आणि मंडळीने काय केलं? मंडळीने कौतुक केलं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, त्यांच्या कानावर कोणीतरी घातलं. रविवारी त्यांनी उपदेशाला विषय घेतला लीनता. प्रत्येकाने दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ मानावं. शेवटी म्हणाले, "आपल्यातले उकंडाभाऊ पाहा. इतरांना ज्या कामाची लाज वाटते, ते त्यांनी हसतमुखाने केलं. ख्रिस्ती माणसाला कोणतंच काम हलकं नसतं." माणूस वाईट नव्हता बिचारा. पण त्याला कधी कोणी ढोर ओढायला बोलावलं नव्हतं. मी उठले आणि वहाणा वाजवत बाहेर गेले. उकंडा शेवटच्या बाकावर बसून राहिला, कारण तो उठला असता तर पाळकसाहेबांना वाईट वाटलं असतं.

घरी येताना तो लिंबाखाली थांबला. "बाई, पाळकसाहेबायनं चुकीचं सांगितलं. मले लाज वाटत व्हती. लय लाज. गल्लीतून चालतानी वाटे, जमीन फाटावी अन् मले घ्यावं. प्रभू असं म्हणते काय, की लाज नाही वाटली पाहिजे?"

मी पहिली-दुसरीची बाई. मला काय ठाऊक? पण मला वाटतं, पुस्तकात तसं कुठेच नाही. लाज वाटत असताना दुसऱ्यासाठी मान खाली घालणं वेगळं, आणि ज्याची मान पिढ्यान्‌पिढ्या दाबलेली आहे त्याला वरून शाबासकी देणं वेगळं. पाळकसाहेबांचा तो उपदेश दोन दिवसांत वस्तीत पोचला. भीमराजने ऐकलं की ख्रिस्ती लोक त्याच्या भावाचं कौतुक करताहेत. आमच्यामधली भिंत त्याने त्या आठवड्यात हातभर उंच केली.

नऊ वर्षं गेली अशी. लिहायला एक ओळ लागते. उकंडा शाळा झाडी, रुळाच्या तुकड्याची घंटा वाजवी, आणि वस्तीतून जाताना कडेने जाई. पोरं त्याला बैलओढ्या म्हणत. सत्यशीला मोठी झाली, बोर्डाच्या शाळेत जाऊ लागली. तिचा रस्ता आमच्या अंगणापुढून. तिच्या पायात चपला नसत, म्हणून हा रोज सकाळी घंटेच्या आधी त्या वाटेवरचे गोखरू वेचे. वाकून, एकेक करून. मी म्हणायची, "अरे, तिच्या बापाला चपला घेता येत नाहीत का?" हा म्हणे, "घेईन. पण तोवर?"

एके दिवशी तो घरात आला तो हसत आला. डोळ्यांत पाणी. "बाई, पोरीनं मले हाक मारली." मी विचारलं, काय म्हणाली? त्याने आधी सांगितलं नाही. मग म्हणाला, "बाकीचे म्हणतात तेच. पण आवाज तुळसासारखा हाय." त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं नाही, इतका मला राग आला होता. कोणावर आला होता ते विचारू नका.

एक गोष्ट तेवढी राहिली. दर बुद्ध जयंतीला आमच्या भिंतीवर खिरीची वाटी ठेवलेली असे, वर पळसाचं पान झाकून. तुळसाबाई ठेवून जाताना मी एकदा पाहिलं होतं. मला वाटे, बाईमाणूस आहे, तिला कुठेतरी कळत असेल, नवऱ्याच्या चोरून ठेवते. उकंडा आधी मला दोन घास देई, मग वाटी बोटाने पुसून खाई, आणि वाटी राखेने घासून परत भिंतीवर ठेवी.

सहासष्टच्या पावसाळ्यात त्याला खोकला धरला तो सुटलाच नाही. दवाखान्यात क्षय निघाला. तिथे खाट मिळाली, तर चौथ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्याला ती देऊन हा व्हरांड्यात निजला. मी पोचले तेव्हा थंडीने काकडत होता. त्या दिवशी मी त्याला लोकांसमोर टाकून बोलले. "दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ मान म्हटलंय ना? मग मला मान एकदा. माझ्यासाठी खाटेवर झोप." तो मुकाट्याने उठून आत आला. पण खाट तोवर त्या म्हाताऱ्याची झालेली होती.

दिवाळीनंतर मी त्याला घरी आणलं. शेवटच्या आठवड्यात तो भिंतीकडे तोंड करून निजे. पलीकडे भीमराजचा रंधा चाले, त्याचा आवाज ऐकत राही. एकदा म्हणाला, "लाकूड सागवान दिसते." एकदा विचारलं, "भीमा येईन का, बाई?"

मी म्हणाले, "मी जाऊन सांगते सगळं. आत्ता जाते."

त्याने माझा हात धरला. त्या हातात जोर नव्हता, पण मी थांबले. "नको. इतके दिस झाकलं. पोरगी आता समजती झाली. नको."

मी गेले नाही. पुढे तीन दिवसांनी, सकाळी, घंटेच्या वेळेला उकंडा गेला. घंटा त्या दिवशी कोणी वाजवली नाही.

तेव्हा मी उठले. मी रडत नव्हते, मी पेटले होते. भिंतीला वळसा घालून भीमराजच्या अंगणात गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तो फळीवर वाकला होता. मी म्हणाले, "तुझा भाऊ मेला. आता ऐक. त्या दिवशी तुळसा मरत होती. गाडी मिशनची नव्हती. गाडी पाटलाची होती, आणि तिचं भाडं तो बैल होता. तुझी बायको आणि तुझी पोरगी जिवंत आहेत ते त्याने मान खाली घातली म्हणून. आता ये आणि त्याला खांदा दे."

भीमराज फळीला धरून खाली बसला. मग म्हणाला, "मले माईत हाय, वयनी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मानीबाईनं मराच्या आधी सांगितलं. आठ वर्सं झाली."

"आठ वर्षं? मग आला का नाहीस?"

"कसा येऊ? त्या साली गावानं वस्तीतल्या सात घरायले निरोप धाडला व्हता, तुमच्या मोठ्यानं ओढला, तुमी बी या, मजुरी सुरू करतो. लोक उपाशी व्हते. मी दादाले पोटाशी धरलं असतं, तं ते म्हणाले असते, याच्या भावाले माफ, मंग आमाले काहून नाही? एकेक करून सारे गेले असते. मले वस्ती उभी ठेवाची व्हती." त्याने तोंड झाकून घेतलं. "खीर मीच धाडत व्हतो. मले वाटे, दादा समजन. अन् दादा... दादा सहन करते, हे मले माईत व्हतं."

मला त्याचं सगळं पटलं, हेच वाईट. वस्ती खरंच उभी राहिली होती, आणि ती त्यानेच उभी ठेवली होती. तरी मी म्हणाले, "तू आणि तो पाळक सारखेच रे. त्यानेही हेच धरलं होतं, की उकंडा सहन करतो." माझं बोलणं कठोर होतं. मी ते परत घेतलेलं नाही.

एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन भाऊ, एक दुसऱ्याचं दुःख वाचावं म्हणून गप्प, दुसरा वस्ती वाचावी म्हणून गप्प, आणि मधे मी, दिलेला शब्द पाळत बसलेली शहाणी. आठ वर्षं. त्यातली एक संध्याकाळ तरी ते ओट्यावर बसले असते, कोणाला न सांगता.

शवपेटी भीमराजने केली. ज्या फळीवर तो वाकला होता तीच फळी, सागवानी. मी आमच्या कपड्यांच्या पेटीच्या तळाचा पांढरा सदरा काढला आणि उकंडाला घातला. अंग इतकं वाळलं होतं की आता बाह्या त्यालाही लांब झाल्या. भीमराजने त्या दुमडल्या. पुढचा खांदा त्याने दिला, आणि त्याच्यामागे अख्खी वस्ती निघाली. नेरहून मंडळीची माणसं आली होती, ती मागे पडली. रांगेत सदा शेवटी राहणारा माणूस त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होता, आणि त्याला ते आवडलं नसतं.

आमच्यात बायका-मुली कबरीपर्यंत जातात. सत्यशीला आईचा पदर धरून आली होती, नऊ वर्षांची. गोंधळलेली. बैलओढ्याला बाबांनी का उचललं, हे तिला कळत नव्हतं. भीमराज माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वयनी, पोरीले नका सांगू. तिच्या जिवाले लागन."

तोच शब्द. तोच, दवाखान्याच्या ओट्यावरचा. एका भावाला दिलेला शब्द मी नऊ वर्षं पाळला होता आणि त्याचं काय झालं ते समोर खड्ड्यात होतं. दुसऱ्याला मी तो दिला नाही.

मी सत्यशीलाला जवळ घेतलं आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं. तू जन्मलीस त्या दिवशी काय झालं. गाडी कोणाची होती. तुझे मोठे बाबा गल्लीतून का चालले. तुझ्या वाटेवरचे काटे कोण वेची. आवाज न चढवता सांगितलं, वर्गात सांगते तसं. पाळकसाहेब ऐकत होते, वस्ती ऐकत होती. कोणी मान वर केली नाही.

मूठमाती द्यायची वेळ झाली. भीमराजने मुलीच्या हातात माती दिली आणि म्हणाला, "पहिली तू टाक." ती कडेला उभी राहिली. खाली पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"मोठी माय," ती म्हणाली, "मंग मले आधी काहून नाही सांगितलं? मी त्यायले बैलओढ्या म्हणलं न."

मी बाई. प्रश्नाला उत्तर द्यायचं माझं काम. उत्तर ज्याच्याजवळ असेल तो पेटीत होता. तिने मातीची मूठ आवळली. मग म्हणाली, "आता मी चुकली, हे कोणाले सांगू?"

बाकीच्यांनी माती टाकली. तिने टाकली नाही. घरी येईस्तोवर तिने मूठ उघडली नाही.